जावई नाही, घेणेकरी

रात्रपाळी. तीन वाजून गेलेले. बोटीतून पोलादाच्या कॉइल उतरवून आमची टोळी शेडात टेकलेली. चहा फिरत होता. माझी बहीण नर्सिंगला आहे हे कुणीतरी मुकादमाच्या कानावर घातलं. मुकादम चहाचा घोट घेऊन म्हणाला, "तुमचं बरंय बाबा. फी नाय, काय नाय. तुम्ही सरकारचे जावई."

टोळी हसली. त्यात आपलेही दोघे हसले. मी हसलो नाही. हातही उचलला नाही. पंधरा कॉइल अजून उतरायच्या होत्या.

पण तेव्हापासून तो शब्द डोक्यात घण घालतोय. दोस्तांनो, तुम्हीही तो ऐकलाय. कॉलेजच्या कँटीनमध्ये, ऑफिसच्या खिडकीत, लोकलच्या डब्यात. ऐकून गप्प बसलाय. मी कविता लिहितो, पण ही कविता नाही. हा हिशोब आहे. हिशोबाला यमक लागत नाही.

चला, जावयाचीच गोष्ट करू. अधिक महिन्यात लोक जावयाला घरी बोलावतात. ताट मांडतात, ओवाळतात, तेहेतीस अनारशांचं वाण देतात. आमचा सासरा काय करतो? उन्हात रांगेत उभा करतो. जातीचा दाखला आण. बापाच्या उत्पन्नाचा दाखला आण. मागच्या वर्षीचा चालत नाही, नवा आण. आधार बँकेला जोड. जोडलंस? नावात एक काना राहिलाय, परत जा. आपला बाप किती गरीब आहे हे दरवर्षी लिहून देणारा आणि त्यावर तहसीलदाराचा शिक्का मारून आणणारा जावई दुनियेत दुसरा दाखवा.

असला जावई कुणाच्या बापाने पाहिलाय?

२

मी मॅट्रिक. सन २०१७. बासष्ट टक्के. वस्तीत पेढे वाटले. बाप याच गोदीत बदली कामगार होता, त्याची पाठ कायमची गेलेली. आई दोन घरची धुणीभांडी करायची. अकरावी सायन्सला नंबर लागला तो विनाअनुदानित तुकडीत. फी अठरा हजार. खिडकीतला क्लार्क म्हणाला, "आधी भरा. शिष्यवृत्ती आली की परत घ्या."

आधी भरायला असते तर शिष्यवृत्ती कशाला मागितली असती? हा प्रश्न त्या खिडकीला विचारायचा नसतो. आईने भिशी उचलली. सहा हजार भरले. फॉर्म भरायला गेलो तर पोर्टल बंद. पुन्हा गेलो, पुन्हा बंद. दिवाळीनंतर वर्गात यादी वाचली : फी बाकी. अठरा नावं. आडनावं ऐकूनच वर्गाला कळलं यादी कसली आहे ते. एकेक नाव वाचलं जात होतं आणि आम्ही एकेक जण उभे राहत होतो, गुन्हेगारासारखे. सरकारने पैसे दिले नव्हते आणि उभे आम्ही होतो.

वार्षिक परीक्षेला बसू दिलं नाही. मी दाणाबंदरात गोणी उचलायला लागलो. अठरा पुरी झाल्यावर गोदीत आलो, कंत्राटदाराच्या टोळीत.

२०१९ च्या पावसाळ्यात मोबाइलवर मेसेज आला. खात्यात २३०० रुपये जमा. महिन्याला २३० प्रमाणे दहा महिन्यांचा निर्वाह भत्ता. मेसेज आला तेव्हा मी साखरेची गोणी पाठीवर घेऊन उभा होतो. फीचं काय झालं, कुणाला मिळाली, की मिळालीच नाही, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

या योजनेचं नाव मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. माझ्या आयुष्यात मॅट्रिक आहे. उत्तर नाही.

आता हे का घडलं ते नीट समजून घ्या, कारण आपल्याला नेहमी वाटतं की क्लार्क हरामखोर होता. क्लार्क असेलही. पण क्लार्कच्या वर कोण आहे? या शिष्यवृत्तीत एक पेच होता. पंचवार्षिक योजना संपते त्या वर्षी राज्य जेवढा खर्च करत असेल, तेवढा पुढे त्या राज्याच्या गळ्यात. त्याच्या वर जे लागेल तेवढंच केंद्र देणार. बारावी योजना मार्च २०१७ मध्ये संपली. राज्यांवरचा बोजा एकदम फुगला आणि केंद्राने नळ आवळला. ही माझी ओरड नाही, सरकारचंच म्हणणं आहे. २०२० च्या डिसेंबरात केंद्राने नवी व्यवस्था जाहीर केली : केंद्र साठ टक्के, राज्य चाळीस टक्के, पाच वर्षांत एकूण ५९,०४८ कोटी. त्या वेळी सांगितलं की २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्र वर्षाला सरासरी ११०० कोटी देत होतं, आता सहा हजार कोटींच्या आसपास देईल.

म्हणजे गरज सहा हजाराची आहे हे माहीत होतं आणि अकराशे देत होते. माझी अकरावी नेमकी त्याच सालातली.

त्याच जाहिरनाम्यात आणखी एक आकडा होता. दहावीच्या पुढे न जाणाऱ्या गरिबातल्या गरीब अशा १ कोटी ३६ लाख विद्यार्थ्यांना पाच वर्षांत पुढच्या शिक्षणात आणू, असा. मी तो आकडा दोनदा वाचला. त्यातला एक मी. आकड्यात माझं नाव नाही, पण मी तिथे आहे. मला न्यायला कुणी आलं नाही.

३

गोदीत एक नियम आहे. शेडात माल उतरला की तो उचलायला मोजके दिवस मोकळे मिळतात. ते संपले की डॅमरेज चढायला लागतं. दर दिवसाला. जितका उशीर, तितका दर वाढता. मालक केवढाही मोठा शेठ असो, डॅमरेज भरल्याशिवाय गेटपास नाही. कारण बंदराला ठाऊक आहे : उशीर फुकट नसतो. उशिराचा खर्च कुणाला तरी पडतोच.

लोखंडाला डॅमरेज आहे. तूरडाळीला आहे. पोराच्या वर्षाला का नाही?

सरकारने आपला माल किती वर्षं अडकवून ठेवलाय, ते बघू.

१८८२. इंग्रज सरकारचं हंटर कमिशन. जोतीराव फुले निवेदन देतात. मुद्दा सरळ : सरकारच्या तिजोरीतला पैसा येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. लक्षात घ्या, जोतीराव दान मागत नव्हते. ते विचारत होते, आमच्या पैशाचं काय केलंत?

१९०६. सयाजीराव गायकवाड बडोदे संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण लागू करतात. १९१७. शाहू महाराज कोल्हापुरात तेच करतात. संस्थानांना जमलं. साम्राज्याला जमलं नाही. गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक १९१२ साली इंपीरियल कौन्सिलात पाडलं.

१९२७, मार्च महिना. मुंबईचं कायदेमंडळ. शिक्षणाच्या अनुदानावर बाबासाहेब उभे राहतात. हातात आकडे. या इलाख्यात शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च होतात आणि दारूच्या उत्पन्नातून माणशी दोन रुपयांच्या वर वसूल होतात. शाळेत गेलेल्या शंभर पोरांतली अठराच चौथीपर्यंत पोचतात. जेवढं दारूतून घेता, निदान तेवढं तरी शिक्षणावर घाला, एवढीच मागणी. बघा, पुन्हा तोच हिशोब. किती घेतलं, किती दिलं.

आणि हा माणूस स्वतः कशावर शिकला? सयाजीरावांच्या महिना पंचवीस रुपयांवर एल्फिन्स्टन कॉलेज. १९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिका. ते पैसे दीड वर्ष उशिरा आले असते तर? विचार करा. या देशाची घटना कुणी लिहिली असती? पैसे वेळेवर पोचले, एवढीच बडोद्याची कर्तबगारी. पण केवढी मोठी!

१९४२. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन सरकारला देतात आणि त्यात शिष्यवृत्त्यांसाठी पैसा मागतात. १९४४ पासून ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती चालू आहे. ती कुणा मुख्यमंत्र्याच्या मेहेरबानीतून आलेली नाही. भांडून आणलेली आहे.

१९५०. घटना. कलम ४५. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला दहा वर्षांच्या आत मोफत आणि सक्तीचं शिक्षण. घटनेच्या सगळ्या मार्गदर्शक तत्त्वांत मुदत घातलेलं कलम हे एकच. म्हणजे मोकळे दिवस संपले २६ जानेवारी १९६०. कायदा कधी लागू झाला? २००२ साली घटनेत ८६ वी दुरुस्ती, २००९ साली शिक्षणहक्क कायदा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. पन्नास वर्षं उशीर!

पन्नास वर्षांचं डॅमरेज किती होतं, कुणीतरी अर्थतज्ज्ञाने काढून दाखवावं. माझी आजी त्यात आहे. माझा बाप त्यात आहे. अंगठ्याला शाई लावून पगार घेणारी अख्खी पिढी त्यात आहे. त्यांचं बिल कुणाच्या नावाने फाडायचं?

४

"पण देतात ना काहीतरी," असं म्हणणारे आहेत. आपल्यातच आहेत. ठीक. काय देतात ते मोजू.

मला महिन्याला २३० चा दर होता, तो २०१० सालचा. २०२१ साली नवे नियम आले. अकरावी-बारावीच्या, घरून येऊन शिकणाऱ्या पोराला वर्षाला २५००. अकरा वर्षांत वाढ किती? वर्षाला दोनशे रुपये. २५०० भागिले ३६५. दिवसाला सात रुपयेसुद्धा होत नाहीत. सात रुपयांत मुंबईत वडापाव येत नाही. अर्धा मागितला तर गाडीवाला शिव्या घालतो. उत्पन्नाची मर्यादा २०१३ साली अडीच लाख केली, २०२१ च्या नियमांत तीच कायम. बापाला थोडा ओव्हरटाइम मिळाला की पोरगा यादीतून बाहेर.

महाराष्ट्रात पहिली ते चौथीच्या गरीब मुलींना शाळेत हजर राहण्याबद्दल भत्ता आहे. १९९२ साली सुरू केला. दर हजेरीला एक रुपया. तीस वर्षं उलटली तरी तो एकच रुपया होता. मुलगी दिवसभर धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, आईबरोबर कामावर जाते, ते सोडून शाळेत येते. त्याची किंमत एक रुपया. साला, मंदिराबाहेरचा भिकारीसुद्धा एक रुपया दिला की तोंडाकडे बघतो.

शाळेतलं जेवण घ्या. सुप्रीम कोर्टाने २००१ च्या नोव्हेंबरात हुकूम दिला की प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवण द्यायचं. महाराष्ट्राने २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं देऊ म्हणून सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत त्याचा पैसा बंद. अंडं हवंय? लोकवर्गणी काढा. तामिळनाडूत २०१० पासून आठवड्याला पाच अंडी देतात. पुरोगामी महाराष्ट्राला एक परवडलं नाही. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेतल्याशिवाय ज्यांचं भाषण सुरू होत नाही, त्यांनी पोराच्या ताटातलं अंडं उचललं.

आणि घेताना? घेताना एक रुपया सुटत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा वहीवर बारा टक्के. तो काढला २०२५ च्या सप्टेंबरात. आठ वर्षं या देशात पोराच्या वहीवर कर होता. माझ्या अकरावीच्या वह्यांवर मी कर भरलाय. मला मिळालेल्या त्या २३०० मधून वह्यांचा कर वजा करा, मग मला जावई म्हणा.

५

आता शहाणे लोक सांगतील : देश गरीब आहे, पैसा कुठून आणणार? हे वाक्य आपल्या तोंडावर इतकी वर्षं मारलंय की आपणही ते बोलायला लागलोय. म्हणून जरा देशाबाहेर बघू. आपल्यासारख्याच नागवलेल्या मुलखांत.

शेजारची श्रीलंका. १९४५ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, कन्नंगरांनी बालवर्गापासून विद्यापीठापर्यंत शिक्षण मोफत केलं. श्रीलंका तेव्हा श्रीमंत होती काय?

केनिया. जानेवारी २००३ मध्ये सरकारने प्राथमिक शाळेची फी रद्द केली. दहा लाखांहून जास्त पोरं नव्याने शाळेत आली. म्हणजे पोरांना शाळा नको होती हे खोटं. दारात फी उभी होती, एवढंच. पुढच्या वर्षी किमानी मारुगे नावाचा चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा पहिलीत जाऊन बसला. इंग्रजांविरुद्धच्या माऊ माऊ लढ्यातला माणूस. शाळेचा गणवेश घालून, पोरांच्या बाकावर. वर्ग कमी पडले, मास्तर कमी पडले, हेही खरं. पण दार उघडलं की काय होतं ते जगाने पाहिलं.

मेक्सिको. १९९७ साली एक योजना काढली, नावं बदलत ती २०१९ पर्यंत चालली. पोरगं शाळेत गेलं की पैसा आईच्या हातात. वरच्या वर्गाला जास्त, माध्यमिक शाळेत मुलींना मुलांपेक्षा जास्त. का? कारण त्यांनी एक साधी गोष्ट मान्य केली. गरिबाचं पोर शाळेत जातं तेव्हा त्याची मजुरी बुडते. ती बुडीत मजुरी डोळ्यांसमोर ठेवून रक्कम ठरवली. आपल्याकडे कुणी विचारलं का, दाणाबंदरात सोळा वर्षांचा पोरगा दिवसाला किती आणतो? त्या रकमेशी तुमचे सात रुपये भांडणार आहेत का?

पैसा नाही म्हणता. पैसा जमा केलाय, आमच्याकडूनच. २००४ पासून शिक्षणाच्या नावाने दोन टक्के उपकर. पुढे माध्यमिक आणि उच्च शिक्षणाच्या नावाने आणखी एक टक्का. २०१५ पर्यंत हा उपकर उत्पादनशुल्कावर आणि सेवाकरावरही होता, म्हणजे साबणापासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत जिथे तो कर, तिथे हा उपकर. माझ्या आईने तो भरलाय. महालेखापालांनी, म्हणजे सरकारच्याच हिशोबनीसाने, २०१७ साली दाखवून दिलं की या एक टक्क्यातून २०१६-१७ पर्यंत ८३ हजार कोटींहून जास्त जमा झाले आणि ते ठेवायला निधीच काढलेला नव्हता. पेटी नाही आणि वर्गणी गोळा! आमच्या वस्तीतल्या जयंती मंडळाने असं केलं असतं तर लोकांनी खजिनदाराला चौकात उभा केला असता. निधी काढायचा निर्णय झाला ऑगस्ट २०१७ मध्ये. दहा वर्षांनी.

कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर घाला. १९६८ च्या धोरणात सहा टक्के. १९८६ च्या धोरणात सहा टक्के. २०२० च्या धोरणात पुन्हा सहा टक्के. पंजा, कमळ, तिसरी आघाडी, चौथी आघाडी, सगळे येऊन गेले. सहा टक्के कुणी दिले नाहीत. ज्यांच्या पोरांना सरकारी शाळा लागत नाही, तेच लोक सरकारी शाळेचा हिशोब लिहितात. खरं दुखणं हे आहे.

६

सरकार मोकळं केलं नाही तेवढी जागा कुणी भरली? शिक्षणसम्राटांनी. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं काढायला परवानगी दिली आणि साखर कारखान्याच्या शेजारी कॉलेजं उगवली. उसाचं गाळप आणि पोरांचं गाळप. या लोकांना आपल्या शिष्यवृत्तीचं वावडं नाही. ती यांना हवीच असते. त्यांना वावडं आहे ते आपल्या पोराचं. पैसा आला तर कॉलेजचा, अडकला तर पोराचा गळा. दाखला दाबून ठेव, हॉलतिकीट दाबून ठेव, वर्गात नावं वाच.

शिक्षणहक्क कायद्यात खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरीब-वंचितांच्या पोरांना आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या पंचवीस टक्क्यांतून सूट. म्हणजे साहेबाच्या पोराच्या बाकावर मोलकरणीचं पोर नको. जुलै २०२४ मध्ये हायकोर्टाने तो बदल रद्द केला. पालक लढले म्हणून. लक्षात ठेवा, लढले म्हणून.

आणि आता आपल्याबद्दल. वाईट वाटलं तरी ऐका.

चौदा एप्रिलला आपल्या वस्तीत डीजे लागतो. हरकत नाही, मीही नाचतो. पण त्याच वस्तीत किती पोरांचे फॉर्म अडकलेत, हे आपल्या एका तरी मंडळाला माहीत आहे का? वर्गात माझं नाव वाचलं तेव्हा आमच्या वस्तीत तीन गट होते, तीन अध्यक्ष होते, तीन फलक होते. माझ्याबरोबर खिडकीपर्यंत यायला तिघांतला एकही नव्हता. जे शिकले, साहेब झाले, ते ठाण्यापलीकडे फ्लॅट घेऊन गेले आणि आडनाव बदलून गप्प बसले. त्यांच्या फीचा पहिला पैसा १९४४ सालच्या त्या लढ्यातून आलाय, हे त्यांना कुणी आठवण करून द्यायचं? आणि नेते? नेते त्याच शिक्षणसम्राटाच्या स्टेजवर, त्याच्याच हारात मान घालून.

"शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" हे आपण भिंतीवर रंगवलं. भिंत शिकली. पोरगं गोदीत आलं.

७

बहिणीकडे येतो. हे सगळं तिच्यासाठी आहे.

ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात कॉलेजने सांगितलं, शिष्यवृत्ती जमा झालेली नाही, फी भरा, नाहीतर हॉलतिकीट नाही. तेच वाक्य. तीच खिडकी. आठ वर्षांत फक्त काचेवरचा स्टिकर बदललाय. घरी येऊन ती आईला काही बोलली नाही. मला म्हणाली, "दादा, मी एक वर्ष काम करते, मग बघू." मी ते वाक्य ओळखतो. 'मग बघू' म्हणून मी बाहेर पडलो होतो. तो 'मग' अजून यायचाय.

या वेळी मी तिच्याबरोबर गेलो. पाळी बुडवून. एकटा नाही, टोळीतले चौघे होते. जावई ऐकून हसलेल्या दोघांतला एक त्यात होता, हे मुद्दाम लिहितो. आम्ही आरडाओरडा केला नाही. खिडकीवर कागद ठेवला. २०२१ च्या केंद्राच्या नियमांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. हे कार्ड हातात असलेल्या पोराकडून प्रवेशाच्या वेळी फी मागायची नाही, फी शिष्यवृत्तीतून येणार. मी म्हटलं, "ही तरतूद तुम्ही पोरांना सांगितली होती का, ते लेखी द्या. आणि आता फी नाही म्हणून हॉलतिकीट देत नाही, हेही लेखी द्या." लेखी म्हटल्यावर खिडकीचा आवाज खाली आला. हॉलतिकीट अजून हातात पडलेलं नाही. परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. आम्ही सोमवारी पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी चौघे नसू.

म्हणून आपली मागणी एका वाक्यात : शिष्यवृत्तीला डॅमरेज लावा.

शाळा-कॉलेज सुरू व्हायच्या दिवशी पैसा खात्यात नसेल, तर त्या दिवसापासून दर दिवसाला व्याज, आणि ते पोराच्या खात्यात. पैसा येईपर्यंत एकाही पोराची परीक्षा, दाखला, हॉलतिकीट अडवायचं नाही. अडवणाऱ्या कॉलेजची मान्यता अडवा. रकमेचा दर महागाईला बांधा, दहा-दहा वर्षं गोठवू नका.

हे अशक्य आहे म्हणाल? श्रीमंताचा जादा भरलेला आयकर परत करायला सरकारला उशीर झाला, तर सरकार त्याला व्याज देतं. कायदाच आहे तसा. खासदारांचा पगार २०१८ पासून महागाईला बांधलेला आहे. मार्च २०२५ मध्ये तो एक लाखावरून एक लाख चोवीस हजार झाला आणि लागू केला १ एप्रिल २०२३ पासून. दोन वर्षांच्या मागच्या फरकासकट! म्हणजे महागाई कशी मोजायची हे यांना येतं. उशिराची भरपाई कशी करायची हेही येतं. सगळं येतं. फक्त आपल्या पोराची वेळ आली की हात थरथरतो.

आणि हे वाचणाऱ्या तुम्ही. कॉलेजात असाल, नोकरीत असाल, माझ्यासारखे हमाल असाल. आपल्या गल्लीत एक वही करा. किती पोरं दहावी झाली, किती अकरावीला गेली, कुणाचा फॉर्म कुठे अडकलाय, कुणाचं हॉलतिकीट दाबलंय. नाव, तारीख, उशिराचे दिवस. गोदीतला टॅली क्लार्क लिहितो तसं. ती वही घेऊन खिडकीवर जा. एकट्या पोराला पाठवू नका. एकटं पोर खिडकीसमोर भिकारी दिसतं. दहा जण मागे उभे राहिले की तेच पोर घेणेकरी दिसतं.

परवा पुन्हा रात्रपाळी होती. मुकादम मजेत होता. म्हणाला, "काय जावईबापू!"

मी म्हटलं, "मुकादम, डॅमरेजचा दर काय चाललाय आज?"

तो म्हणाला, "का रे?"

म्हटलं, "सरकारला बिल पाठवायचंय. १९६० पासूनचं."

जय भीम.